उघडा कोड, फुटलेली माहिती आणि अर्ध्या सेकंदाची गोष्ट

अर्धा सेकंद म्हणजे जेमतेम ‘एक’ म्हणायला लागतो तेवढा वेळ. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपल्या मशीनवर हा अर्धा सेकंद जास्तीचा जाताना दिसला आणि तो त्याच्या मनातून जाईना.

फ्रॉइंड राहतो सॅन फ्रान्सिस्कोत. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर. डेटाबेस किती वेगाने चालतो याचं तो अगदी बारीक मोजमाप घेत होता. सोनार काट्यावर सोनं ठेवण्याआधी डोक्यावरचा पंखा बंद करतो, तसं अशा मोजमापाआधी मशीनवरची बाकी कामं थांबवावी लागतात. तेव्हा त्याला दिसलं की एसएसएचच्या प्रोसेस नको तेवढा सीपीयू खातायत. एसएसएच म्हणजे लांबच्या संगणकात शिरायचं दार. जगातले बहुतेक सर्व्हर सांभाळणारी माणसं याच दाराने आत जातात. इंटरनेटवर कुठलंही मशीन उघडं ठेवलं की या दारावर चोरटे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, सतत चुकीची नावं घेऊन टकटक करत राहतात. दाराने ‘असा कोणी इथे नाही’ म्हणून त्यांना लगेच हाकलायचं असतं, त्याला काही कष्ट पडत नाहीत. इथे मात्र नुसतं हाकलतानाही दाराची दमछाक होत होती.

त्याने घड्याळ लावलं. पूर्वी ०.२९९ सेकंदात होणाऱ्या कामाला आता ०.८०७ सेकंद लागत होते.

मी सर्व्हर सांभाळायचं काम करतो. खरं सांगतो, एवढा फरक मला दिसला असता तर ‘नेटवर्क संथ असेल’ म्हणून मी पुढच्या कामाला लागलो असतो. फ्रॉइंड तसा लागला नाही. काही आठवड्यांपूर्वी पॅकेजं अपडेट झाल्यावर एका तपासणीत विचित्र तक्रारी आल्या होत्या, त्या त्याला आठवल्या. तो धागा धरून तो खाली खाली उतरत गेला, आणि तळाशी त्याला जे सापडलं त्याने २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या सुट्टीच्या दिवशी, जगभरच्या सर्व्हरवाल्यांना कामाला लावलं. तिथे आपण येऊच. पण ही गोष्ट नीट कळायची तर आधी दोन गोष्टी बघाव्या लागतील: कोड ‘उघडा’ असतो म्हणजे काय, आणि माहिती ‘फुटते’ म्हणजे काय.

फुटणं वेगळं, खुलं असणं वेगळं

पेपर फुटला म्हटलं की आपल्याला लगेच कळतं. जे झाकून ठेवायचं ते बाहेर आलं. सॉफ्टवेअरचंही तसं होतं. २००४ साली विंडोज २००० च्या सोर्स कोडचा, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुराचा, काही भाग इंटरनेटवर फुटला, त्याची जगभर बातमी झाली, कारण तो कोड कंपनीच्या तिजोरीतला होता.

आता दुसरीकडे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम बघा. १९९१ मध्ये लिनस टोर्वाल्ड्सने फिनलंडमध्ये शिकत असताना ते लिहायला घेतलं, तेव्हापासून त्याची ओळन् ओळ कुणालाही वाचता येते, उतरवून घेता येते, बदलता येते. तिथे कोड फुटण्याचा प्रश्नच येत नाही. याला ओपन सोर्स म्हणतात. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सवर उभा आहे, तुम्ही रोज उघडता त्या बहुतेक वेबसाइटांच्या मागचे सर्व्हरही.

यावर नेहमी येणारी शंका अशी: कुलूप कसं बनवलंय हे सगळ्या जगाला दाखवलं तर चोर ते उघडणार नाही का? या शंकेचं उत्तर जुनं आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलिपीबद्दल लिहिताना एक कसोटी सांगितली. यंत्रणा अशी हवी की ती पूर्णपणे शत्रूच्या हाती पडली तरी बिघडत नाही, गुपित राहायला हवी ती फक्त किल्ली. आजची सगळी ऑनलाइन सुरक्षा याच तत्त्वावर चालते. कुलपाचा नकाशा चव्हाट्यावर लावा, हरकत नाही, उलट चार जाणकार बघून त्यातली खोट दाखवतील. किल्ली तेवढी जपा.

हे तत्त्व मला पटतं, आणि रोजच्या कामात मी त्याच्यावरच विसंबून असतो. पण यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. चार जाणकार बघतील, हे आपण धरूनच चालतो. ते खरंच बघतात का?

उधारीची वही

किराणा दुकानदाराची उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. तुम्ही फोन करून विचारता, “काका, दुकान उघडं आहे ना? खात्री म्हणून मी सांगतो तो शब्द वहीत लिहा आणि मला परत वाचून दाखवा. शब्द आहे ‘साखर’, तीन अक्षरं.” काका वहीत ‘साखर’ लिहितात, तीन अक्षरं वाचून दाखवतात. दुकान उघडं आहे हे तुम्हाला कळलं. दोन संगणकांमध्ये जोडणी चालू ठेवायला असाच निरोप जातो, त्याला हार्टबीट म्हणतात, म्हणजे नाडी बघण्याचा प्रकार.

आता कोणी लबाड माणूस म्हणाला, “शब्द आहे ‘साखर’, पासष्ट हजार अक्षरं.” काकांनी शब्द मोजायला हवा होता. ते मोजत नाहीत. वहीत ‘साखर’ लिहितात आणि तिथून पुढे पासष्ट हजार अक्षरं वाचत सुटतात. साखरेनंतर वहीत जे काही आधीपासून लिहिलेलं असेल ते सगळं: कुणाची किती उधारी, कुणाचा पत्ता, आणि वहीच्या पानावर कुठेतरी लिहून ठेवलेला गल्ल्याच्या कुलपाचा नंबरसुद्धा.

ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच होत होतं. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसायचं, त्यामागचं काम जगातल्या कितीतरी सर्व्हरवर ओपनएसएसएल करतं. मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ आवृत्तीत ही नाडी बघण्याची सोय होती, आणि आलेला शब्द सांगितलेल्या लांबीएवढा आहे का हे तपासणारी ओळ त्यात नव्हती. एका निरोपामागे सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर बाहेर येत होता. एकदा मागून भागलं नाही तर परत मागा, कितीही वेळा. काका थकत नाहीत, आणि असं कोणी मागून गेलं याची सर्व्हरवर सहसा नोंदही राहत नाही.

७ एप्रिल २०१४ ला हे जगजाहीर झालं. गूगलमधल्या नील मेहता यांनी आणि फिनलंडच्या कोडनॉमिकॉन कंपनीतल्या लोकांनी ही खोट स्वतंत्रपणे शोधली होती. कोडनॉमिकॉनवाल्यांनी तिला हार्टब्लीड नाव दिलं आणि रक्त ठिबकणाऱ्या लाल हृदयाचं चित्र केलं. सॉफ्टवेअरमधल्या चुकीला नाव आणि बोधचिन्ह मिळणं तेव्हा इतकं नवलाचं होतं की ज्यांना सर्व्हर म्हणजे काय हे माहीत नव्हतं त्यांच्यापर्यंतही बातमी पोचली. ते बरंच झालं. नुसता ‘सीव्हीई-२०१४-०१६०’ हा अधिकृत यादीतला क्रमांक कोण लक्षात ठेवणार?

सगळ्यांत मोठी भीती किल्लीची होती. उधारी फुटली तर नुकसान त्या त्या गिऱ्हाइकाचं. सर्व्हरची खासगी किल्लीच फुटली तर चोर तुमच्याच नावाने दुकान थाटू शकतो. क्लाउडफ्लेअर कंपनीला सुरुवातीला वाटत होतं की किल्ली असं मागून मिळणं फार अवघड असावं. त्यांनी मुद्दाम खोट असलेला एक सर्व्हर उभा केला आणि जगाला आव्हान दिलं: काढा किल्ली. त्याच दिवशी एका प्रोग्रामरने ती काढून दाखवली, त्यासाठी त्याने २५ लाखांच्या आसपास निरोप पाठवले होते. दुसऱ्याला ती एक लाखाच्या आसपास निरोपांतच मिळाली. मग शंका उरली नाही. कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० लोकांचे सामाजिक विमा क्रमांक सहा तासांत गेले, त्या खात्याला आपली ऑनलाइन सेवा काही दिवस बंद ठेवावी लागली.

आता आपल्या प्रश्नाकडे. हा कोड पहिल्या दिवसापासून उघडा होता. जर्मनीतल्या एका संशोधकाने लिहिलेला तो भाग ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री, नववर्षाला तासभर उरला असताना, मूळ कोडमध्ये घेतला गेला. घेण्याआधी एका जाणकाराने तो तपासलाही होता. त्याच्याही नजरेतून ती चूक सुटली. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ वही सगळ्यांसमोर उघडी पडली होती, आणि त्या पानावर कुणाची नजर गेली नाही.

का गेली नाही, हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. जगातल्या बँका, दुकानं, सरकारी खाती ज्या ओपनएसएसएलवर चालत होती, त्या प्रकल्पाला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे २,००० डॉलर. पूर्ण वेळ त्यावर काम करणारा माणूस होता एक. बाकीचे आपापल्या नोकऱ्या सांभाळून वेळ काढत होते. गावची विहीर सगळं गाव वापरतं, गाळ काढायला दोनच जण उतरतात, अशी ती गत. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून पैसे गोळा करून अशा प्रकल्पांना मदत सुरू केली. पण विहिरी एकदोन नव्हत्या.

अकरा ओळी

मधली एक घटना थोडक्यात सांगतो, कारण बातम्यांत ती गंमत म्हणून आली आणि तशीच विसरली गेली.

जावास्क्रिप्ट लिहिणारे लोक एकमेकांचे छोटे छोटे तयार तुकडे वापरतात. ते ठेवायचं कोठार म्हणजे एनपीएम. अझर कोचुलू या प्रोग्रामरचा ‘किक’ नावाचा तुकडा त्या कोठारात होता. त्याच नावाच्या मेसेजिंग कंपनीने हे नाव मागितलं, त्याने नकार दिला, एनपीएमने नाव कंपनीला देऊन टाकलं. तो नाराज झाला आणि २२ मार्च २०१६ ला त्याने तिथले आपले सगळे, म्हणजे २७३, तुकडे काढून घेतले. त्यांतल्या एकाचं नाव लेफ्ट-पॅड. काम इतकंच की शब्द ठरलेल्या लांबीचा होईपर्यंत त्याच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्यं भरायची. ७ चं ००७ करायचं. अकरा ओळी.

त्या अकरा ओळी नाहीशा होताच जगभर हजारो प्रकल्प बांधताना, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करताना, अडकू लागले, कारण मोठे प्रकल्प ज्या तुकड्यांवर उभे होते ते तुकडे दुसऱ्या तुकड्यांवर, आणि तळाशी कुठेतरी लेफ्ट-पॅड. शेवटी एनपीएमला ती फाइल स्वतःच परत आणून ठेवावी लागली. पुढे त्यांनी नियमही बदलला, एकदा लोकांनी वापरायला घेतलेला तुकडा सहजासहजी काढून घेता येऊ नये म्हणून.

त्या दिवशी कुणाची माहिती फुटली नाही. पण सगळं किती खोलवर एकमेकांवर रेललेलं आहे, आणि तळाशी एकेकटी माणसं कशी बसली आहेत, हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. ज्याला वाईट करायचं होतं त्यालाही ते दिसलंच असणार.

चोरदिंडी

फिनलंडमध्ये लासे कोलिन नावाचा एक प्रोग्रामर वर्षानुवर्षं एक्सझेड हे सॉफ्टवेअर सांभाळत आला आहे. फाइल दाबून लहान करायची आणि लागेल तेव्हा परत फुलवायची, एवढंच त्याचं काम. जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनवर ते असतं. कोलिनला याचा पगार मिळत नव्हता.

२०२१ च्या ऑक्टोबरात जिया टॅन या नावाने कोणीतरी त्याला छोट्या दुरुस्त्या पाठवायला लागलं. कामाच्या, नीट लिहिलेल्या दुरुस्त्या. २०२२ च्या उन्हाळ्यात आणखी दोन नावं उगवली, जिगर कुमार आणि डेनिस एन्स. यांनी कोड लिहिला नाही, तगादा लावला. दुरुस्त्या किती महिने पडून आहेत, तुमचं लक्ष नाही, दुसरा कोणी मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, नेमा. कोलिनने शांतपणे उत्तर दिलं. माझा रस संपलेला नाही, पण बरीच वर्षं मानसिक आरोग्याच्या तक्रारी आहेत, त्यामुळे हातून फारसं होत नाही. हा बिनपगारी, हौसेचा प्रकल्प आहे हेही लक्षात असू द्या. त्याच पत्रात त्याने लिहिलं की जिया टॅन पडद्याआड थोडी मदत करतोय आणि पुढे त्याच्याकडे मोठी जबाबदारी जाऊ शकते.

ते पत्र मी दोनतीनदा वाचलं आहे. एक दमलेला माणूस आपली अडचण उघडपणे सांगतो, आणि ती अडचणच समोरच्याला हवी असते. जिगर कुमार आणि डेनिस एन्स या नावांचा ना त्याआधी कुठे मागमूस, ना त्यानंतर. दबाव आणण्यासाठीच ही नावं उभी केली होती असं जाणकार मानतात. एकाने दुखावायचं, दुसऱ्याने आधार द्यायचा.

२०२३ पर्यंत जिया टॅन एक्सझेडच्या नव्या आवृत्त्या स्वतः काढू लागला. उपऱ्याला ओसरीवर बसायला जागा दिली आणि तो घराच्या किल्ल्या सांभाळू लागला. दोन वर्षं त्याने खरं, उपयोगी काम केलं. एवढा धीर धरून कोणी दुसऱ्याच्या घरात भिंत पोखरतो हे कल्पनेतही येत नाही.

रायगडावर महादरवाज्याच्या तटबंदीत चोरदिंडी आहे, बाहेरून सहज न दिसणारी. ती गडाच्या धन्याने आपल्या लोकांसाठी, अडीअडचणीला गुपचूप निसटता यावं म्हणून ठेवली. इथे बाहेरच्याने दुसऱ्याच्या गडात चोरदिंडी बांधली. कशी बांधली ते बघण्यासारखं आहे.

फाइली दाबणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला काही नमुन्याच्या फाइली लागतात. काही चांगल्या, काही मुद्दाम बिघडवलेल्या, म्हणजे बिघडलेली फाइल आली तर सॉफ्टवेअर गडबडत नाही ना हे तपासता येतं. या फाइली माणसाला वाचता येण्यासारख्या नसतात, नुसते आकडे असतात. जिया टॅनने अशाच दोन फाइली आणून ठेवल्या. एकीच्या नावातच ‘बॅड’ आणि ‘करप्ट’ हे शब्द होते. नासका आंबा आहे असं लिहिलेली पेटी कोण उघडून बघणार? चोराचं सामान त्या पेटीत होतं.

पण नुसतं सामान पडून राहिलं असतं. ते बाहेर काढून सॉफ्टवेअरमध्ये गुंफणारा हात हवा होता. तो त्याने उघड्या वहीत ठेवलाच नाही, आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड एका ठिकाणी सगळ्यांसमोर असतो. पण लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बनवणारे लोक बऱ्याचदा तिथून थेट कोड न घेता मेंटेनरने बांधून दिलेलं गाठोडं घेतात, त्याला टारबॉल म्हणतात. हस्तलिखित सगळ्यांना वाचायला ठेवलं, आणि छापखान्यात दिलेल्या प्रतीत एक पान जास्तीचं घातलं, तसं त्याने केलं. वही तपासणाऱ्याला ते पान दिसणार नाही. वही आणि गाठोडं शेजारी शेजारी ठेवून कोणी ताडून बघत नव्हतं.

मग एक टिंब. एक्सझेडमध्ये एक सुरक्षेची सोय होती, जिच्यामुळे बाहेरून आलेली फाइल उघडताना प्रोग्रामचे हात बांधलेले राहतात. ही सोय मशीनवर चालते का हे बघायला बांधणीच्या वेळी एक चिमुकला चाचणीचा तुकडा चालवला जातो. तो चालला तर सोय लागू, नाही चालला तर सोडून द्या. २०२४ च्या फेब्रुवारीत जिया टॅनने त्या तुकड्यात एका ओळीवर एकच पूर्णविराम टाकला. त्या टिंबामुळे तुकडा कधीच चालणार नाही, म्हणजे सोय कधीच लागू होणार नाही, आणि कुठे चूक झाल्याची सूचनाही येणार नाही. एका टिंबाने ‘रग’चा ‘रंग’ होतो हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. इतक्या ओळींत ते टिंब बघायला नजर किती ताजी हवी!

आता एसएसएचच्या दाराचा आणि फाइली दाबण्याचा संबंध काय? तसा काहीच नाही. एसएसएच मूळ स्वरूपात एक्सझेडला हातही लावत नाही. पण डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या आवृत्त्यांनी आपल्या सोयीसाठी एसएसएचला सिस्टमडी या, मशीनवरच्या सेवा सांभाळणाऱ्या, व्यवस्थेशी जोडलं होतं, सिस्टमडीची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, एक्सझेडची लायब्ररी आत ओढते, आणि अशा रीतीने पाहुण्याचा पाहुणा घरात येतो. लेफ्ट-पॅडचीच गोष्ट, पण या वेळी हेतू वाईट. आत आलेला कोड दाराच्या ओळख पटवण्याच्या कामात स्वतःला घुसवायचा. समोरून येणाऱ्याने ठरावीक खूण दाखवली की तो सांगेल ती आज्ञा सर्व्हर मुकाट्याने पाळणार. ती खूण करायला एक खासगी किल्ली लागायची, आणि ती ज्याने चोरदिंडी बांधली त्याच्याकडेच. म्हणजे हे दार दुसऱ्या चोराला सापडलं असतं तरी उघडता आलं नसतं. केर्कहॉफ्सची कसोटी चोरानेही पाळली होती.

आवृत्ती ५.६.० आली २४ फेब्रुवारी २०२४ ला, ५.६.१ आली ९ मार्चला. जिया टॅन मग लिनक्सवाल्यांच्या मागे लागला. फेडोराच्या एका जुन्या जाणकाराने नंतर सांगितलं की, यात छान नव्या सोयी आहेत म्हणून ही आवृत्ती फेडोरात घ्या असं तो कित्येक आठवडे सांगत होता. तपासणीत त्या कोडबद्दल तक्रारी आल्या तेव्हा दोघांनी मिळून त्या दूर करायचा प्रयत्नही केला. त्या तक्रारी चोरदिंडीमुळेच येत होत्या, आणि ती शोधू शकणारा माणूस नकळत ती झाकायला मदत करत होता.

हीच तक्रार फ्रॉइंडच्या मशीनवरही उमटली होती, आणि तोच अर्धा सेकंद. चोरदिंडीचा कोड प्रत्येक वेळी जागा होताना आपल्याला कुठे घुसायचं ती जागा शोधत फिरायचा, त्यात वेळ जायचा. फ्रॉइंड स्वतः सुरक्षातज्ज्ञ नाही, असं त्याने आपल्या पत्रातच लिहिलं. २८ मार्चला त्याने डेबियनच्या सुरक्षा गटाला आणि इतरांना खासगीत कळवलं, २९ ला सगळ्यांसमोर मांडलं. धोक्याच्या मोजपट्टीवर या खोटीला १० पैकी १० मिळाले.

त्या शुक्रवारी आणि पुढच्या दोन दिवसांत जे झालं ते मी जवळून पाहिलं. सुट्टीत गावी गेलेली माणसं फोनवरून एकमेकांना एकच आज्ञा पाठवत होती: ‘एक्सझेड --व्हर्जन’ टाइप करा, आकडा सांगा. ५.४ आला की दोन्हीकडून सुस्कारा. बहुतेकांना ५.४ किंवा त्याहून जुनाच आकडा मिळाला, कारण नवी आवृत्ती अजून लिनक्सच्या कच्च्या, चाचणीच्या शाखांतच पोचली होती: डेबियनची अस्थिर शाखा, फेडोरा रॉहाइड, ओपनसूसे टंबलवीड, काली. नेहमीच्या कामाच्या सर्व्हरांवर ती यायला अजून काही आठवडे-महिने होते. फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीने रॉहाइड वापरणं ताबडतोब थांबवा म्हणून मोठ्या अक्षरांत सूचना काढली. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी आपल्या २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलून पॅकेजं पुन्हा बांधली.

जिया टॅन कोण, हे आजवर जाहीर झालेलं नाही. एक माणूस की अनेक, कोणाच्या पदरी, यावर तर्क खूप झाले. त्या तर्कांत मी इथे शिरत नाही.

उघडा असणं उपयोगी पडलं का?

यावर दोन टोकांची मतं मी ऐकली आहेत. एक म्हणतं, बघा, ओपन सोर्समध्ये कोणीही येऊन काहीही घालतो. दुसरं म्हणतं, बघा, कोड उघडा होता म्हणून तर चोरदिंडी सापडली. मला पहिलं चुकीचं वाटतं आणि दुसरं अर्धवट.

कोड उघडा होता म्हणूनच फ्रॉइंड आपल्या कामाशी संबंध नसलेल्या सॉफ्टवेअरच्या तळापर्यंत जाऊ शकला. बंद पेटीतलं सॉफ्टवेअर असतं तर कंपनीकडे तक्रार करून उत्तराची वाट बघत बसावं लागलं असतं. चोरदिंडी सापडल्यावर जगभरच्या लोकांनी पुढच्या काही दिवसांत तिचा भाग न् भाग सुटा करून समजून घेतला, तोही उघडेपणामुळेच. पण हार्टब्लीडही उघड्याच कोडमध्ये दोन वर्षं बसून होतं. उघडेपणाने फक्त बघण्याची मुभा मिळते. बघायला माणूस लागतो, त्याला वेळ लागतो, त्याचं पोट भरलेलं असावं लागतं, आणि तो आजारी पडला तर त्याच्या शेजारी दुसरा कोणीतरी भरवशाचा असावा लागतो. कोलिनशेजारी कोणी नव्हतं. म्हणून जो आला तो बसला.

तुम्ही एखाद्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत असाल तर उद्या एक यादी काढून बघा: आपलं उत्पादन कोणकोणत्या ओपन सोर्स लायब्रऱ्यांवर उभं आहे, आणि त्यांतल्या किती एकेकट्या माणसाच्या जिवावर चालतात. मी माझ्या टीमसाठी ती काढली. तेरा नावं निघाली जिथे गेल्या वर्षभरातले जवळजवळ सगळे बदल एकाच माणसाने केलेले होते. त्यांतल्या दोघांना आम्ही दरमहा थोडे पैसे पाठवायला लागलो, आणि एकाला आमच्यातली एक मुलगी आठवड्यातून काही तास चाचण्या लिहून देते. तिने पहिल्यांदा मदत करू का असं लिहिलं तेव्हा त्या माणसाने आधी तिची चौकशी केली, ती कुठे काम करते, आधी काय केलं आहे. तिला जरा राग आला होता. मला ते वाचून बरं वाटलं.

आणि तुमचा याच्याशी कामाचा संबंध नसेल, तर फोनवर आणि संगणकावर ‘अपडेट उपलब्ध’ असं दिसतं ते टाळू नका. हार्टब्लीडची दुरुस्ती बातमीच्याच दिवशी तयार होती. नंतरही जे सर्व्हर गळत राहिले ते कोणी अपडेट केले नाहीत म्हणून.

एक्सझेडचं पुढे काय झालं? बातमी फुटली तेव्हा कोलिन इंटरनेटपासून लांब, सुट्टीवर होता. प्रकल्पाचा कोड जिथे ठेवलेला होता त्या गिटहब या संकेतस्थळाने प्रकल्पाचं पान आणि कोलिन व जिया टॅन या दोघांचीही खाती बंद केली होती, कोलिनचं खातं पुढे परत मिळालं. त्याने जिया टॅनने केलेला एकेक बदल तपासायला घेतला, ते टिंबही काढलं. २९ मे २०२४ ला, म्हणजे फ्रॉइंडच्या पत्रानंतर बरोबर दोन महिन्यांनी, ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती आली. तिच्यावर सही कोलिनची होती.